डिसेबिलिटी पेन्शनची अपिलं: कुठली मंजूर होतात, कुठली फेटाळली जातात

अपशिंगेकर

रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून, डिसेबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं की घरात एकच प्रश्न असतो, अपील करून उपयोग होतो का? होतो, पण सगळ्यांना नाही. कोणाचं अपील टिकेल याचा बराचसा अंदाज कागद वाचून आधीच येतो. तो कसा बांधायचा यासाठी हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

नामंजुरीच्या पत्रावर अडकून पडू नका. त्यात ठरलेलं वाक्य असतं: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. खरा कागद म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे सेवा सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, एएफएमएसएफ-१६. मुदतीआधीच आजारामुळे घरी पाठवलं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्डाचा. बोर्डाच्या मताच्या भागात प्रत्येक आजारापुढे लिहिलेलं असतं की तो सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, आणि दोन्ही नसेल तर कारण काय. अपील लढायचं ते या शेवटच्या कारणाशी.

ते कारण बहुधा दोन-तीन ठरावीक शब्दांत उरकलेलं असतं. "आजाराची सुरुवात पीस स्टेशनला", म्हणजे शांत भागातल्या छावणीत. "फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सशी (दहशतवादविरोधी कारवायांशी) जवळचा काळ-संबंध नाही." किंवा नुसतंच "कॉन्स्टिट्यूशनल", म्हणजे प्रकृतीतच असलेला. आता सर्व्हिस रेकॉर्डमधल्या चार गोष्टी याच्या शेजारी मांडा: भरतीच्या वेळची मेडिकल कॅटेगरी, आजार पहिल्यांदा नोंदला गेला ती तारीख आणि ठिकाण, त्याआधीच्या दोन-तीन पोस्टिंग, आणि बोर्डाची तारीख. बोर्ड म्हणतं पीस स्टेशन, आणि पोस्टिंगची यादी म्हणते की त्याच्या पाच महिने आधीपर्यंत माणूस सियाचीन किंवा कुपवाड्याला होता, तर तुमच्या हातात मुद्दा आहे. भरतीनंतर पीस सोडून कुठे गेलाच नाही आणि आजार ट्रेनिंगच्या पहिल्या काही महिन्यांत निघाला, तर केस अवघड आहे. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

अपिलात लोक पानभर लिहितात की इतकी वर्षं देशाची सेवा केली, घरची परिस्थिती अशी आहे. ते खरंच असतं, पण अपील कमिटी त्यावर निर्णय घेऊ शकत नाही. एक पान लिहा, पण ते बोर्डाच्या त्या एका कारणाला उत्तर देणारं लिहा.

कायदेकानू

चांगला धागा. पायऱ्या आणि मुदती लिहितो, कारण चांगल्या केसेस मुदतीत अडकतात.

जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि इतर रँकसाठी पहिला निर्णय रेकॉर्ड ऑफिसचा. त्यावर पहिले अपील ॲपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळले तर दुसरे अपील सेकंड ॲपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे, पुन्हा सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. तिथे अर्जाला ओए (ओरिजिनल ॲप्लिकेशन) म्हणतात आणि तो २००७ च्या कायद्याच्या कलम १४ खाली होतो.

कलम २१ सांगते की खात्यातले उपाय संपवूनच या. पण त्याच कलमात सूट आहे: अपील देऊन सहा महिने झाले आणि उत्तर आले नाही, तर उपाय संपला असे धरले जाते. म्हणून अपील स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. कलम २२ प्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत ओए दाखल करायचा. उत्तरच आले नसेल तर ते पहिले सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते म्हणून हा चालू राहणारा अन्याय मानला जातो आणि विलंब बहुधा माफ होतो. त्याची किंमत मात्र थकबाकीत मोजावी लागते. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितल्याप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. वीस वर्षांनी जिंकलेल्या माणसाला सतरा वर्षांचे पैसे सोडून द्यावे लागतात ते यामुळे.

निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो. महाराष्ट्रातल्यांना मुंबई. युनिट कुठे होते, रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे की सागरला, याने अडत नाही.

निशिगंधा

बोर्डाचा अहवालच घरात नाही. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) एवढंच आहे. रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र पाठवलं, उत्तर नाही. अशा वेळी काय करायचं?

हवालदार_क्लार्क

निशिगंधाताई, साध्या पत्राची वाट बघत बसू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने. माणूस स्वतःचेच कागद मागतोय, त्यामुळे अर्जावर सही त्याचीच हवी. तो हयात नसेल तर पत्नीने पीपीओची प्रत आणि नात्याचा पुरावा लावावा. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्जात "सर्व मेडिकल कागद" असं मोघम लिहिलं की दोन पानं पाठवून विषय मिटवतात. एकेक नाव घेऊन मागा: रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग बोर्डाचा पूर्ण अहवाल सगळ्या भागांसह, स्पेशालिस्टचं ओपिनियन, आधीचे कॅटेगरायझेशन बोर्ड म्हणजे एएफएमएसएफ-१५, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा, पोस्टिंगची तारीखवार यादी फील्ड-पीस नोंदीसह, आणि क्लेम नामंजूर करतानाची नोटिंग. दुखापत असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचं कामकाज.

नंबर, रँक, पूर्ण नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख वर ठळक लिहा. नंबरात एक आकडा चुकला की फाइल सापडत नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. कुठल्या रेकॉर्डला पाठवायचं ते डिस्चार्ज बुकावर असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महारचं सागर. नौसेनेच्या सेलरांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, वायुसेनेच्या जवानांसाठी दिल्लीचं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस.

वैद्यकीय_मत

बोर्डाच्या कारणांबद्दल थोडं सविस्तर. बोर्ड मनाने लिहीत नाही, त्याच्यासमोर गाइड टू मेडिकल ऑफिसर्स, म्हणजे लष्करी डॉक्टरांसाठीची सरकारी मार्गदर्शिका असते. २००८ ला सुधारलेल्या गाइडमधले तीन परिच्छेद सर्वात जास्त वेळा येतात.

परिच्छेद ४३ उच्च रक्तदाबाचा. हाय अल्टिट्यूड, फील्ड, सीआय ऑप्स अशा सेवेत आजार सुरू झाला किंवा वाढला असं दिसलं तर "सेवेने वाढला" मान्य होतं. परिच्छेद २६ मधुमेहाचा. त्यात याच भागांबरोबर जहाजावरची प्रदीर्घ सेवाही आहे. नौसेनेच्या कितीतरी अपिलांत हा मुद्दा घेतलेलाच नसतो. परिच्छेद ४७ हृदयविकाराचा. तिथे झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत माणूस नेमकं काय काम करत होता हे बघतात. त्याला चौदा दिवसांचं चार्टर ऑफ ड्युटीज म्हणतात आणि ते युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून आलेलं असतं. ते अहवालात लावलेलं नसेल, किंवा लावलंय पण "नॉर्मल ड्युटीज" एवढ्यावर संपवलंय, तर अपिलात तेच पकडा. त्या दिवसांत रात्रीच्या गार्ड ड्युट्या, फायरिंग, पीटी टेस्ट, कॉन्व्हॉय असं काही असेल तर युनिटच्या पार्ट-टू ऑर्डर, ड्युटी रजिस्टर, मूव्हमेंट ऑर्डर मागवा.

उलट बाजूही बघा. बोर्डात वजन आदर्श वजनापेक्षा बरंच जास्त असल्याची नोंद, दारू किंवा तंबाखूची नोंद, सुचवलेली शस्त्रक्रिया नाकारल्याची नोंद यातलं काही आहे का? एन्टायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे पेन्शनची पात्रता ठरवणाऱ्या नियमांत, स्पष्ट आहे की दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ते माणसाच्या स्वतःच्या हातात होतं. ही नोंद लपवून अपील करू नका. सरकारी वकील ती पहिल्याच तारखेला वाचून दाखवतात. नोंद चुकीची असेल तर त्याच काळातल्या दुसऱ्या मेडिकल कागदाने खोडून काढा: वार्षिक मेडिकल, हॉस्पिटलची केस शीट.

प्रश्नचिन्ह

पण धरमवीर सिंग निकालानंतर हे सगळं लागतं का? भरतीला शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आणि नंतर आजार, म्हणजे पेन्शन मिळालीच पाहिजे असं सगळे सांगतात.

कायदेकानू

सगळे सांगतात, आणि त्यातूनच कच्ची अपिले तयार होतात.

धरमवीर सिंग हा २०१३ चा निकाल. त्याचा गाभा असा: भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरायचे; नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे असे धरायचे; उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर; आणि भरतीच्या तपासणीत तो आजार का सापडू शकला नसता, याची कारणे बोर्डाने लिहायला हवीत. हे १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समधील नियम ५, ९ आणि १४ वर उभे आहे.

आता मर्यादा. १ जानेवारी २००८ पासूनच्या नियमांत भाषा बदलली: सेवेत असताना आजार दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे होत नाही. शिवाय डिस्चार्जनंतर १५ वर्षांनी क्लेम केला तर सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर जातो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सांगितले की काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, त्यामुळे नुसती नोंद नसणे पुरेसे नाही. ते अपील फेटाळले गेले. आणि २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात निकाल जवानाच्या बाजूने गेला, कारण बोर्डाने मताला कारणेच दिली नव्हती. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा म्हणजे फरक कुठे आहे ते दिसेल. आजाराचे नाव एकच होते, पण बोर्डाने कारण दिले आहे की नाही यावर निकाल बदलला.

पीस स्टेशनच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा मधुमेहाचा निकाल उपयोगी आहे. फक्त "पीस स्टेशनला सुरुवात" असे लिहून बोर्डाची जबाबदारी संपत नाही, सेवेऐवजी दुसरे कोणते कारण आहे ते दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे. २००८ च्या नियमांखालच्या केसलाही तो लागू पडतो. अपिलात धरमवीर सिंगचे नाव लिहा, पण त्याच्या पुढच्याच ओळीत तुमच्या बोर्डाने नेमके कोणते कारण दिलेले नाही ते लिहा.

सागरी

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स आणि नवं गाइड लागू आहे, हेही लक्षात घ्या. त्या तारखेपासून बाहेर पडलेल्यांनाच ते लागू, आधीच्यांना नाही. सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याच्या रकमेला आता इम्पेअरमेंट रिलीफ असं नाव आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या टक्केवाऱ्याही पूर्वीपेक्षा खाली आल्या आहेत. पूर्वीच्या बोर्डांत रक्तदाबाला सर्रास ३० आणि मधुमेहाला २० टक्के दिसायचे. जुन्या निवृत्ताच्या नामंजुरीत नवा नियम दाखवला असेल तर तो स्वतंत्र मुद्दा होतो, अपिलात पहिल्याच परिच्छेदात घ्या.

प्रश्नचिन्ह

टक्केवारीचाच प्रश्न. बोर्डाने आजार सेवेमुळे मानला, पण १५ टक्के दिले. राउंडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेले की, ५० होतात ना?

हवालदार_क्लार्क

माणूस बाहेर कसा पडला यावर ते ठरतं.

पूर्ण मुदत करून निवृत्त झाला असेल तर किमान २० टक्के लागतात. सर्वोच्च न्यायालयाने एस. पी. राठोर प्रकरणात डिसेंबर २०१९ ला हे स्पष्ट केलं: २० च्या खाली असेल तर राउंडिंगचा प्रश्नच येत नाही. अशी ओए फेटाळली जातात. तिथे मार्ग एकच, टक्केवारीलाच आव्हान देणं, म्हणजे अपील मेडिकल बोर्ड किंवा फेरतपासणी मागणं.

मुदतीआधी आजारामुळे बाहेर काढलं असेल तर सुखविंदर सिंगचा २०१४ चा निकाल लागतो. ज्या अपंगत्वामुळे लष्कराने माणूस घरी पाठवला ते २० टक्क्यांपेक्षा कमी असूच शकत नाही असं त्यात धरलंय. आणि लो मेडिकल कॅटेगरीत असताना "पर्यायी नेमणूक उपलब्ध नाही" म्हणून सोडलं असेल तर तेही १९८२ च्या नियम ४ प्रमाणे इनव्हॅलिडच धरतात. डिस्चार्ज बुकावरचं कारण शब्दशः वाचा. "ऑन कम्प्लिशन ऑफ टर्म्स" आणि "मेडिकली अनफिट" यावर निकाल इकडचा तिकडे होतो.

स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेल्यांना पूर्वी डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नाकारायचे. सरकारच्या २९ सप्टेंबर २००९ च्या पत्राने १ जानेवारी २००६ पासून बाहेर पडलेल्यांना तो मिळतो. नामंजुरीचं कारण नुसतं "ओन रिक्वेस्ट" असेल आणि डिस्चार्ज २००६ नंतरचा असेल तर हे पत्र जोडा, बऱ्याच वेळा पहिल्याच अपिलात काम होतं.

अपशिंगेकर

राउंडिंगचा हिशोब इथेच मांडतो, कारण आकडा दिसल्याशिवाय लोक मागणीत लिहीत नाहीत.

१०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. त्यात मूळ वेतन आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) येतो. समजा ते ५०,००० आहे. मग १०० टक्क्यांना १५,०००, २० टक्क्यांना ३,०००, ३० टक्क्यांना ४,५०० महिना. राउंडिंगमध्ये ५० च्या खालचं ५० होतं, ५० ते ७५ चं ७५, आणि ७६ च्या पुढचं १००. म्हणजे २० वाल्याला ३,००० ऐवजी ७,५००. नेमके ५० असतील तर ७५ होतात आणि रक्कम ११,२५० होते. यावर महागाई भत्ता वेगळा. युद्धजखमीच्या वर्गात मोडत असेल आणि पूर्ण मुदत करून निवृत्त झाला असेल तर वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्क्यांना वेतनाच्या ६० टक्के आहे, म्हणजे हेच सगळे आकडे दुप्पट.

३१ जानेवारी २००१ च्या पत्रात राउंडिंग फक्त इनव्हॅलिड झालेल्यांना होतं. पूर्ण मुदत करणाऱ्यांनाही ते मिळतं हे राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला ठरलं. तरी मागणीत स्पष्ट लिहावं लागतं: "डिसेबिलिटी एलिमेंट मंजूर करून तो अमुक टक्क्यांवर राउंड ऑफ करावा."

दोन आजार असतील तर त्यांची एकत्रित टक्केवारी साधी बेरीज नसते. आणि बोर्डाने एकत्रित ५० लिहून त्यातला एकच आजार सेवेने वाढल्याचं मानलं असेल तर पैसे त्या एकाच्याच टक्क्यांवर मिळतात. नामंजूर झालेल्या आजारासाठी वेगळं अपील करायचं राहून जातं ते इथेच, कारण पेन्शन सुरू झालेली असते आणि कोणी मागे वळून बघत नाही.

निशिगंधा

सुट्टीवर असताना झालेल्या अपघाताचं काय? गावाकडे मोटारसायकलवरून पडणे वगैरे केसेस खूप दिसतात.

कायदेकानू

खूप दिसतात आणि त्यातल्या पुष्कळ फेटाळल्याही जातात. सुट्टी हीसुद्धा ड्युटीच, असे सरसकट म्हणता येत नाही. दुखापत आणि लष्करी सेवा यांच्यात कारणाचा धागा दाखवावा लागतो. गावात खासगी कामाला जाताना, शेतात ट्रॅक्टरवर, घराच्या छतावरून पडून झालेली दुखापत सहसा टिकत नाही. सरकारी खर्चाच्या वॉरंटवर युनिटमधून घरी येताना किंवा परत जाताना झालेला अपघात मात्र ड्युटीत मोडतो. अशा केसमध्ये रेल्वे वॉरंट किंवा त्याचा नंबर, लीव्ह सर्टिफिकेटवरच्या तारखा, रेल्वे पोलीस किंवा पोलीस ठाण्याची नोंद आणि पहिल्या हॉस्पिटलमधल्या दाखल्याची वेळ या चार गोष्टी एका दिशेने बोलायला हव्यात. मार्ग नेहमीचा होता की वाट वाकडी करून दुसरीकडे गेला होता, हा प्रश्न हमखास येतो.

इंज्युरी रिपोर्टमध्ये कमांडिंग ऑफिसरने काय लिहिले आहे तेही पाहावे. तिथे "नॉट ऑन ड्युटी" असताना फक्त बोर्डावर बोट ठेवणाऱ्या अपिलात मुळाला हातच लागत नाही.

प्रश्नचिन्ह

खूप जुनी केस असेल, १९८० च्या दशकातली, आणि रेकॉर्ड ऑफिस म्हणतं की कागद नष्ट केले, तर संपलं का?

हवालदार_क्लार्क

अवघड होतं, पण लगेच संपलं असं नाही. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल, म्हणजे सगळ्या जवानांची थोडक्यात नोंद असलेलं रजिस्टर, मात्र कायम ठेवतात. त्यात डिस्चार्जचं कारण आणि कधी कधी आजाराचं नावही असतं. माहितीच्या अधिकारात लाँग रोलची प्रत वेगळी मागा. डिस्चार्ज बुक, जुनी हॉस्पिटल स्लिप, तेव्हाचं नामंजुरीचं पत्र, जे घरात असेल ते जोडा. बोर्डाची टक्केवारीच कुठे सापडली नाही तर खंडपीठाकडे पैसे ठरवायला आधार राहत नाही, म्हणून टक्का लिहिलेला एखादा तरी कागद शोधा. जुन्या नामंजुरीच्या पत्रात तो पुष्कळदा असतो.

अशा केसेसमध्ये पूर्ण विजयापेक्षा मधला निकाल जास्त येतो: आजार सेवेमुळे मानला, पण बोर्डाने तेव्हा टक्केवारी फक्त दोन वर्षांसाठी दिली होती, म्हणून आता रिसर्व्हे मेडिकल बोर्ड (फेरतपासणी) करून आजची स्थिती ठरवा. त्या बोर्डाला बोलावणं आलं की जायचंच. गैरहजर राहिलं की पुढची रक्कम अडकते. जाताना चालू उपचारांचे कागद, अलीकडचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून न्या. २० च्या खाली टक्के आले तर पुढची पेन्शन थांबू शकते, त्यामुळे तयारीशिवाय जाऊ नका.

दहा वर्षांपेक्षा कमी सेवा करून बाहेर काढलेल्यांना आणखी एक वाट आहे. आजार सेवेमुळे नाही असंच ठरलं तरी, ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्या आणि लष्करी तसंच नागरी नोकरीलाही कायमचं अपात्र ठरलेल्या जवानाला इनव्हॅलिड पेन्शन मागता येते. १६ जुलै २०२० चं पत्र आहे. ही मागणी ओएमध्ये पर्याय म्हणून लिहून ठेवा.

सागरी

जिंकल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही, ते लिहितो.

एएफटीच्या आदेशात साधारण तीन किंवा चार महिन्यांची मुदत असते आणि उशीर झाल्यास ६ किंवा ८ टक्के व्याज. आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली की त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवा, बँक तपशील आणि पीपीओच्या प्रतीसह. खंडपीठाकडून आदेश आपोआप पोचेल या भरवशावर राहू नका.

सरकार पुढे जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयात जायचं तर कायद्याचा सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा असावा लागतो आणि आधी न्यायाधिकरणाकडेच ३० दिवसांत परवानगी मागावी लागते. उच्च न्यायालयात रिट करता येते, हे परशोत्तम दास निकालाने मार्च २०२३ ला पुन्हा स्पष्ट झालं. तो रस्ता जवानालाही तितकाच खुला आहे: मुंबई खंडपीठात हरलात तर मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. सरकारने नुसती रिट दाखल केली म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती मिळाली आहे का ते विचारा. स्थगिती नसेल आणि मुदत उलटली असेल तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करा.

निशिगंधा

आणि अपील चालू असताना माणूस गेला तर?

कायदेकानू

प्रकरण संपत नाही. २००७ च्या कायद्याचे कलम २ वारसांनाही लागू आहे. पत्नीचे नाव अर्जदार म्हणून लावून घ्यायचे. हयातीपर्यंतची थकबाकी तिला मिळते. मृत्यू ज्या आजाराने झाला तो सेवेमुळे होता असे ठरले तर विशेष कुटुंब निवृत्तीवेतनाचा प्रश्न उभा राहतो, आणि ती वेगळी मागणी आहे, वेगळा अर्ज. कारवाईच्या भागात मृत्यू झाला असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन. जम्मू-काश्मीरमध्ये गस्तीवर, अतिकठोर हवामानात मृत्यू झालेल्या जवानाच्या पत्नीला ती द्यायला नको म्हणून सरकारने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ५०,००० रुपये खर्च बसवून फेटाळले. मृत्यूच्या जागी "नैसर्गिक कारण" असे लिहिलेल्या केसेसमध्ये तो निकाल दाखवण्यासारखा आहे.

वकिलाचा खर्च अडवत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२५ च्या वीर परिवार सहाय्यता योजनेत सैनिक बोर्डांमध्ये कायदेशीर मदत केंद्रे सुरू करायची आहेत.

हवालदार_क्लार्क

शेवटी पैसे येतात ते कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त केलेल्या पीपीओवरून, तो स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. आला की पाच गोष्टी तपासा: डिसेबिलिटी एलिमेंटचा टक्का, राउंड केलेला टक्का, सुरू होण्याची तारीख, "फॉर लाइफ" लिहिलंय की ठरावीक काळ, आणि थकबाकीवरचं व्याज. सुरू होण्याची तारीख आदेशात डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून असते आणि पीपीओत अर्ज दाखल होण्याच्या तीन वर्षं आधीची पडते, किंवा राउंडिंग राहून जातं, असं होतं. आदेशाचा परिच्छेद क्रमांक देऊन स्पर्शवर तक्रार टाका आणि तीच रेकॉर्ड ऑफिसला लेखी पाठवा. वेतन आयोग बदलला तेव्हा जुन्या पीपीओतला आकडा नव्या दराने वाढला का, हेही त्याच वेळी बघून घ्या.